मदत हवी आहे: स्पायडरमॅन 2016 की 2020? आज आरतीच्या आत उत्तर पाहिजे

धायरीची_अनु, सायं. 5:10
स्पायडरमॅनची गोष्ट नक्की कोणत्या साली घडते, 2016 की 2020? नेटवर दोन्ही सापडतंय. लवकर सांगा आणि एकच उत्तर सांगा. आठला आरती आहे.

जुना_पेठकर, 5:16
कुठला स्पायडरमॅन? टोबी मॅग्वायरचा 2002 साली आला, अँड्र्यू गारफिल्डचा 2012 साली, मग टॉम हॉलंड. माझ्या मते सॅम रायमीचा दुसरा भाग (2004) आजही सगळ्यांत सरस. तो आगगाडी थांबवतो तो प्रसंग परत पाहा. पण आरतीचा काय संबंध?

धायरीची_अनु, 5:19
टॉम हॉलंडचाच. होमकमिंग हा चित्रपट. संबंध आहे, सोसायटीच्या गणपतीत काल मुलांची सुपरहिरो प्रश्नमंजुषा झाली. आज आरतीनंतर बक्षिसं. परीक्षक मी आहे आणि एका गटाचे पालक दुपारपासून दारात येऊन बसलेत.

टाइमलाइनवाला, 5:27
2016. शंका नको. होमकमिंगच्या सुरुवातीला, पहिल्या अ‍ॅव्हेंजर्स चित्रपटातल्या न्यूयॉर्कच्या लढाईनंतरचा ढिगारा उपसणं चालू असतं, मग पडद्यावर येतं '8 वर्षांनंतर'. लढाई 2012 ची, म्हणून लोक 2020 काढतात. पण ती पाटीच चुकली आहे. पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आधीच्या सिव्हिल वॉर चित्रपटात लढून परत येतो आणि दोनेक महिन्यांत होमकमिंग सुरू होतं. सिव्हिल वॉरमध्ये व्हिजन हे पात्र म्हणतं की टोनी स्टार्कने 'मी आयर्न मॅन' असं जाहीर केल्याला आठ वर्षं झाली. आयर्न मॅन चित्रपट 2008 चा, अधिक 8, म्हणजे 2016. मार्व्हलने 2018 मध्ये दहा वर्षं पूर्ण झाल्यावर जो कालक्रम छापला, त्यातही 2016 च आहे.

सांजवात, 5:33
अनुताई, तुम्हाला मार्व्हलच्या चित्रपटांची मालिका सुरुवातीपासून बघायची असेल तर आधी कॅप्टन अमेरिका (पहिला), मग कॅप्टन मार्व्हल, कारण ती 1995 मध्ये घडते, मग आयर्न मॅन. ब्लॅक विडो सिव्हिल वॉरनंतर लगेच बघा, 2021 ला आली म्हणून शेवटी ठेवू नका. पूर्ण यादी हवी असेल तर देते.

धायरीची_अनु, 5:35
बघायची नाहीये हो. निकाल द्यायचाय.

पडदा_प्रमाण, 5:41
टाइमलाइनवाले, मी असहमत. पडद्यावर जे दिसतं तेच खरं. नंतर छापलेल्या तक्त्यांना प्रेक्षकाने का जुमानायचं? पाटीवर आठ म्हणजे आठ. एंडगेम चित्रपटात लढाईच्या प्रसंगी '2012' हे पडद्यावर स्पष्ट येतं. बेरीज करा. 2020 लिहिणाऱ्या मुलाने दोन्ही चित्रपट नीट पाहिलेत.

टाइमलाइनवाला, 5:46
मग पुढचं कसं जुळवणार? इन्फिनिटी वॉरमध्ये खलनायक थानोस चुटकी वाजवून अर्धी सृष्टी नाहीशी करतो, ते 2018 चं. तेव्हा पीटर राख होतो, पाच वर्षांनी 2023 मध्ये परत येतो. 2020 मध्ये तो शाळेत कसा असेल? आणि पुढच्या स्पायडरमॅन चित्रपटातला, फार फ्रॉम होममधला, त्याचा पासपोर्ट बघा, जन्म 10 ऑगस्ट 2001. होमकमिंगमध्ये तो 15 वर्षांचा. हेही पडद्यावरच आहे.

पडदा_प्रमाण, 5:49
पासपोर्ट नंतरच्या चित्रपटातला. चूक लपवायला मागाहून घातलेला.

टाइमलाइनवाला, 5:52
लपवली नाही, मान्य केली. इन्फिनिटी वॉरच्या दोन दिग्दर्शकांपैकी जो रुसो यांनी ती आठ वर्षं चुकीची असल्याचं स्वतः सांगितलंय.

रानवारा, 5:58
गणपतीत परदेशी सुपरहिरोंवर प्रश्न कशाला? फास्टर फेणे आपल्या शेजारच्या फुरसुंगीचा, भा. रा. भागवतांनी केवढा उभा केलाय. मुलांना तो माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

लोकीभक्त, 6:02
रानवारा, दोन्ही चालतं. माझी मुलगी बन्या वाचते आणि भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकरही बघते. तो स्पायडरमॅन तर 2004 मध्ये भारतीय कॉमिक म्हणूनच आला. त्याचं शहर मुंबॅटन पाहताना मला घरातलंच कोणी पडद्यावर आल्यासारखं वाटलं. पण अनु, या गोष्टीचं विश्व कोणतं धरलं आहे? मार्व्हलच्या समांतर विश्वांना क्रमांक असतात; कॉमिकवाले हॉलंडच्या विश्वाला 199999 म्हणतात, 2022 च्या डॉक्टर स्ट्रेंजमध्ये मात्र 616 म्हटलंय.

पडदा_प्रमाण, 6:05
616 च. पडद्यावर आहे.

टाइमलाइनवाला, 6:06
616 कॉमिक्सचं! यावर वेगळा धागा काढा.

हिशोबनीस, 6:11
तुम्ही सगळे भांडताय, पण प्रश्नाचे नेमके शब्द काय होते ते कोणी विचारलंच नाही. अनु, कागदावरून जसेच्या तसे टंका. आणि दोन्ही गटांचे गुण.

धायरीची_अनु, 6:20
"होमकमिंग चित्रपटात दाखवल्याप्रमाणे त्याची मुख्य गोष्ट कोणत्या साली घडते?" बरोबर उत्तरांच्या यादीत 2020 मीच लिहिलं होतं, 2012 मध्ये 8 मिळवून. नववीतल्या मुलांनी 2016 लिहिलं, मी चूक दिली. त्यांचे 17, दुसऱ्यांचे 18.

पडदा_प्रमाण, 6:22
'दाखवल्याप्रमाणे'! मग 2020. विषय संपला.

हिशोबनीस, 6:30
नाही संपला. होमकमिंगमध्ये 2020 हा आकडा कुठेच दिसत नाही, '8 वर्षांनंतर' एवढंच दिसतं. 2012 तुम्ही एंडगेममधून आणलंत, आणि तो तर दोन वर्षांनी आला. दुसरा चित्रपट चालत असेल तर पासपोर्टही चालतो. म्हणजे प्रश्नच सदोष. 2016 बरोबर धरलं तर 18-17 उलटं होईल आणि दुसऱ्या गटाच्या हातातलं बक्षीस जाईल. त्यांनी तर पाटी नीट वाचली होती. प्रश्न रद्द करा. 17-17. एक नवा प्रश्न दोघांना समोरासमोर विचारा.

टाइमलाइनवाला, 6:34
उत्तर 2016 च आहे. पण रद्द करण्याला माझी हरकत नाही. नववीच्या मुलांना एवढं मात्र जरूर सांगा की त्यांचं चुकलं नव्हतं.

धायरीची_अनु, 6:41
सांगते. कालच सांगायला हवं होतं, एक मुलगा रडत घरी गेला. रद्द करते. आता असा प्रश्न द्या ज्याला एकच उत्तर असेल. लगेच.

जुना_पेठकर, 6:44
स्पायडरमॅन कॉमिकमध्ये पहिल्यांदा कधी आला? अमेझिंग फँटसी, अंक 15. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. 1962.

टाइमलाइनवाला, 6:46
फक्त साल विचारा, महिना नको. अंकावर ऑगस्ट छापलंय, पण दुकानात तो जूनमध्येच आला होता.

धायरीची_अनु, 6:49
1962. घेतलं. दोन्ही गटांना खाली बोलावलंय, निघते.

सांजवात, 6:55
यादी टाकते आहे. पहिला: कॅप्टन अमेरिका, 2011.