अति काटेकोर विद्यार्थी आणि सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती): विचारनोंदीचा उपयोग का होत नाही?

प्रश्न
एकच असाइनमेंट चार-चारदा लिहून मुदत चुकवणारे, गटाच्या कामात कुणावरही काही न सोपवणारे विद्यार्थी समुपदेशनाला येतात. ओसीपीडीचं (अति काटेकोरपणा आणि नियंत्रणाचा हट्ट असलेला व्यक्तिमत्त्व विकार) निदान नाही, पण लक्षणं त्याच वळणाची. विचारनोंद (प्रसंग, मनात आलेला विचार आणि त्याची पडताळणी लिहायचा तक्ता) दिली की रकाने आखून, सुवाच्य अक्षरात भरून आणतात. वागण्यात मात्र काहीच फरक नाही. कुठे अडतंय?

प्रतिसाद १
हे ओसीडी (मनात घुसणारे विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा केलेल्या कृती, असा विकार) नाही ना, याची आधी खात्री करा. ओसीडीत बहुतेकदा विचार नकोसे वाटतात. इथे काटेकोरपणा बरोबरच आहे असं विद्यार्थ्याला वाटतं. त्यामुळे ‘दर्जा थोडा कमी कर’ म्हटलं की तो तिथेच अडून बसतो. पहिली एक-दोन सत्रं या नियमांनी काय दिलं आणि काय हिरावलं (झोप, मुदत, मित्र) हे मांडण्यात घालवा. उद्दिष्ट त्याच्याच तोंडून येऊ दे, जसं ‘वेळेत काम देणं’.

तुमच्याकडे विचारनोंदच अचूकतेची परीक्षा झाली आहे. तीनच ओळी, पेनाने, पाच मिनिटांत. खाडाखोड तशीच राहू द्यायची.

प्रतिसाद २
खरा बदल वर्तन-प्रयोगातून, म्हणजे भीती खरी ठरते का हे प्रत्यक्ष करून पाहण्यातून होतो. सुरुवात कमी जोखमीच्या कामापासून: शिक्षकांना साधी ईमेल, एकदाच वाचून पाठवायची. पाठवण्याआधी भाकीत लिहून घ्या: ‘चूक राहिली तर ते मला निष्काळजी समजतील’, खात्री ९० टक्के. मग प्रत्यक्षात काय झालं ते त्याच कागदावर. भाकीत आधी लिहिलेलं नसेल तर ‘या वेळी निभावलं’ म्हणून तो मोकळा होतो. आणखी एक पळवाट म्हणजे पाठवलेली ईमेल उघडून पुन्हा तपासणं. तेही बंद, नाहीतर ‘तपासलं म्हणून वाचलो’ हीच समजूत पक्की होते. पुढे गटातला एक भाग दुसऱ्याला देणं, शेवटी ठरलेल्या तासांतली असाइनमेंट.

प्रश्नकर्ता
आणि गुण खरंच कमी आले तर?

प्रतिसाद २
येऊ शकतात, म्हणून ‘काही होणार नाही’ अशी हमी कधीच देऊ नका. किती तास वाचले, किती गुण गेले, हे शेजारी-शेजारी लिहा. मग ० ते १०० अशी रेघ ओढून ते काम तिच्यावर कुठे बसतं, ते त्यालाच दाखवायला सांगा. ‘उत्तम किंवा फुकट’ या दोनच कप्प्यांना इथे तडा जातो. मात्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार दिसले तर प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा.