बाबाच्या लिव्हरमध्ये गाठ, पुन्हा सीटी काहून?

आर्णीवाला: नमस्कार मंडळी. बाबा ६३ वर्षांचे. सोयाबीन सोंगणीपासून पोट दुखते म्हणून राहिले, भूकही मेली. सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या बाजूले ४ सेंटिमीटरची गाठ निघाली. मंग खासगीत साधा सीटी काढला, तर रिपोर्टात लिहून आलं, 'गाठीचं स्वरूप सांगता येत नाही, ट्रिपल फेज सीटी करावा.' आता पुन्हा पैसे? बाबाले दारूची जुनी सवय होती, आता सुटली. शुगरची गोळी चालू हाय. खरंच लागते का हे, का नुसते पैसे उकळून राहिले?

पांढरकवडा: आमच्याकडे पोटातल्या गाठीवर झाडपाला देते एक बाबा. एकडाव दाखवून पाहा.

मशीनवाला, वर्धा: झाडपाल्याच्या नादी लागू नका भाऊ, दारूनं लिव्हर आधीच थकलेलं असू शकते.

मी डॉक्टर नाही, सीटी मशीनवर काम करतो. साध्या सीटीत लिव्हर राखाडी अन् गाठही राखाडीच. ती कशाची हे कळते रक्तावरून. लिव्हरला जवळपास तीन हिस्से रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते, एक हिस्सा धमनीतून. पण लिव्हरचा मूळ कॅन्सर, एचसीसी, पोसला जाते मुख्यतः धमनीवर. एकाच वावरात विहिरीचं अन् कॅनलचं पाणी वेगवेगळ्या वेळी पोचते, तसं. कोणता वाफा आधी ओला झाला, ते पाहायचं.

म्हणून शिरेतून आयोडीनचं औषध जोरात सोडतो अन् ३५ सेकंदांच्या आसपास, मग ७० ला, मग ३ ते ५ मिनिटांनी फोटो घेतो. या तीन फेऱ्या म्हणजेच ट्रिपल फेज. एचसीसी पहिल्या फेरीत चमकते, नंतर आजूबाजूच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. हिमँजिओमा काठानं ठिपक्याठिपक्यानं भरत आत येते. ती रक्तवाहिन्यांची साधी गाठ, बहुतेकदा काही करावं लागत नाही. दुसरीकडून पसरलेला कॅन्सर बहुधा ७० च्या फोटोत काळपट दिसते. साध्या सीटीत यातली एकही फेरी नसते, त्यामुळे रिपोर्टवाल्यानं खरं तेच लिहिलं.

एक सांगतो, बाबांना आधीच समजावून ठेवा. औषध गेलं की अंग एकदम गरम होते, लघवी झाल्यासारखं वाटते. म्हातारी माणसं दचकून हालतात अन् नेमका ३५ सेकंदांचाच फोटो बिघडते. तो लगेच परत काढता येत नाही, औषध पुढं निघून गेलेलं असते. 'श्वास रोखा' म्हटलं की रोखायचा, घरीच दोन-चारदा करून घ्या.

आर्णीवाला: अन् शुगरच्या गोळीचं?

मशीनवाला, वर्धा: मेटफॉर्मिन असेल तर तसं सांगा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आधी करा; किडनी कमजोर असेल तर गोळी काही दिवस बंद ठेवतात, ते डॉक्टरच ठरवतील. आधी कधी इंजेक्शनची अ‍ॅलर्जी झाली असेल तर तेही बोला. अन् जुन्या सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. खर्चाचं म्हणाल तर सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला विचारून पाहा.

रेडिओलॉजी शिकणारी, नागपूर: एक भर घालते. सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आकसणं) किंवा जुना हिपॅटायटिस बी असेल अन् गाठ वर सांगितली तशीच वागली, तर एचसीसीचं निदान बरेचदा बायोप्सीशिवायही, म्हणजे गाठीचा तुकडा न काढताही होतं. तसं काही नसेल तर हा नियम लावत नाहीत. एएफपी ही रक्ततपासणीही करा, पण ती नॉर्मल आली म्हणून कॅन्सर नाहीच असं धरू नका.

आर्णीवाला: क्रिएटिनिन उद्याच काढतो. बाबा विचारून राहिले, उपाशी जा लागते का?

मशीनवाला, वर्धा: बहुतेक ठिकाणी ४ तास काही खाऊ देत नाहीत. पाण्याचं अन् सकाळच्या गोळ्यांचं तिथं फोन करून विचारा.