ताऱ्याचे 'वय', 'अवस्था' की 'उत्क्रांतीचा टप्पा'?

सावंतवाडी : शाळेतल्या आकाशदर्शनासाठी माहितीपत्रक लिहितेय. 'चुंबकीय सक्रिय ताऱ्याच्या उत्क्रांतीचा टप्पा ठरवणे' इथे अडलेय. उत्क्रांती म्हटलं की मुलांना माकडच आठवतं. सरळ 'वय ठरवणे' लिहिलं तर?

रत्नागिरी : वय नको, ताई. वय म्हणजे वर्षं; तुम्हाला सांगायचंय तारा आयुष्यात कुठवर पोचला ते. सूर्य साधारण 4.6 अब्ज वर्षांचा, अजून गाभ्यात हायड्रोजनचंच हेलियम करतोय. ब्रह्महृदय (कॅपेला) दिसतो एकच तारा, पण त्यातले दोन मुख्य तारे सूर्याच्या सुमारे अडीचपट वस्तुमानाचे. वयाने कितीतरी लहान, पण गाभ्यातला हायड्रोजन संपवून, फुगून राक्षसी तारे होऊनही बसले.

मालवण : आमच्याकडे आंबो कितक्या दिसांचो ह्या कोण इचारणा नाय, पाड लागलो काय ता बघतत. तेव्हा 'अवस्था'च बरी.

सावंतवाडी : 'अवस्था' घेते. पत्रकात 'सक्रिय, म्हणजेच तरुण तारा' असंही आहे, ते राहू दे ना?

रत्नागिरी : तो 'म्हणजेच' आधी खोडा! गोम तिथेच आहे. डाग, ज्वाला, क्ष-किरण, वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषांतली चमक, ही सगळी सक्रियता ताऱ्याच्या फिरण्यातून आणि बाहेरच्या थरातल्या अभिसरणातून (तापलेल्या वायूच्या वर-खाली घुसळणीतून) तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे येते. एकट्या ताऱ्याचं फिरणं वयाबरोबर मंदावतं, हे खगोलशास्त्रज्ञ स्कुमानिच यांनी 1972 मध्ये दाखवलं. पण जवळच्या जोडीतला तारा भरती-ओहोटीच्या बलाने जोडीदाराशी बांधला गेला, की म्हातारपणीही गरगरत राहतो. आरएस कॅनम व्हेनॅटिकोरम जातीचे तारे असेच. उलट टी टॉरी तारे म्हणजे बालतारे, अजून मुख्य क्रमावर, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळण्याच्या स्थिर टप्प्यावर, पोचायचेत. तापमान-तेजस्वितेच्या आलेखात हे दोघे एकाच जागी सापडू शकतात, एक खाली उतरताना, दुसरा वर चढताना. डाग दोघांच्याही अंगावर.

दापोली : मग निवाडा कशावर करायचा? लिथियमवर?

रत्नागिरी : बराचसा. वर्णपटातली लिथियमची 6708 अँगस्ट्रॉम तरंगलांबीची रेषा ठळक असेल तर बालतारा असण्याचा संशय बळावतो, कारण सूर्यासारख्या किंवा त्याहून थंड ताऱ्यांत लिथियम हळूहळू जळून जातं. भोवती धुळीची चकती असेल तर अवरक्त प्रकाश जास्तीचा मिळतो. आसपास तरुण तारे आहेत का तेही बघतात. गाय्या यानाने मोजलेल्या अंतरावरून खरी तेजस्विता कळते, पण दोघे आलेखात एकाच जागी सापडण्याचा पेच तेवढ्याने सुटत नाही. आणि लिथियमही एकट्याने पुरत नाही: ब्रह्महृदयाच्या जोडीतल्या जास्त तापलेल्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्यात ते बऱ्यापैकी शिल्लक आहे, जोडीदारात फारच थोडं. दोघे बालपण कधीच ओलांडलेले.

दापोली : समजलं. 'सक्रिय'ऐवजी 'जागृत' कसा वाटतो? ज्वालामुखीला म्हणतोच की.

मालवण : जागृत म्हटलं की आमचे लोक नारळ घेऊन येतील.

रत्नागिरी : शिवाय जागृत म्हटलं की समोर निद्रिस्त येतो. ताऱ्यांत असे दोनच कप्पे नाहीत. सूर्याचीही सक्रियता सुमारे 11 वर्षांच्या चक्रात वरखाली होते. 'सक्रिय'च ठेवा, त्याला 'कमी' आणि 'जास्त' नीट लागतात.

सावंतवाडी : मग असं करते: 'चुंबकीय सक्रिय ताऱ्याची अवस्था ओळखणे'. आणि खाली एका ओळीत 'याला तारकीय उत्क्रांती असेही म्हणतात'.

रत्नागिरी : खालची ओळ बदला. उत्क्रांती हा सगळा प्रवास, अवस्था त्यातला एक मुक्काम. 'तारकीय उत्क्रांतीतील अवस्था' लिहा.