पासवर्ड बरोबर आहे तरी मिंट परत लॉगिन स्क्रीनवरच येतंय

गोंधळलेला_पेंग्विन:
बाबांचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिलीय, एक्सएफसीई नावाच्या डेस्कटॉपवाली. बॅटरी केव्हाच मेलीय त्यामुळे कायम चार्जरवरच चालतो. काल लाईट गेली आणि आल्यावर चालू केला तर लॉगिन स्क्रीन नीट येते, पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी होते, मग एक बारकी खिडकी येते त्यात फेलसेफ सेशन लोड करता आलं नाही असं काहीतरी असतं, ओके दाबलं की परत लॉगिन स्क्रीन. पासवर्ड चुकत नाहीये, मुद्दाम चुकीचा टाकला तर वेगळा मेसेज येतो. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारा. पण बाबांचे सगळे पासवर्ड, बुकमार्क फायरफॉक्समधे आहेत आणि बॅकअप नाही. टर्मिनलची (कमांड टाईप करायच्या खिडकीची) भीती नाही पण सवयही नाही, काय करू?

रात्रपाळी:
फॉरमॅट अजिबात नको! पासवर्ड घेतोय म्हणजे सिस्टिम बरीचशी धड आहे, बाबांच्या होम फोल्डरमधल्याच कशाततरी लोच्या झालाय.
कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा (लॅपटॉपवर एफएन पण दाबावं लागेल कदाचित), काळ्या स्क्रीनवर नाव-पासवर्ड टाका. टाईप करताना पासवर्ड दिसत नाही, स्टारसुद्धा येत नाहीत, घाबरू नका. आत गेलात की आधी डीएफ ही कमांड चालवून डिस्क भरलीय का बघा, कारण रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिमवाला भाग, शंभर टक्के भरलं तरी डिट्टो हेच लक्षण दिसतं. मग एलएस या यादी दाखवणाऱ्या कमांडला एल आणि ए लावून होममधल्या लपलेल्या फाईली बघा, डॉट एक्सऑथॉरिटी (डेस्कटॉप उघडायच्या परवानगीची फाईल) आणि डॉट कॉन्फिग (सेटिंगचं फोल्डर) यांचा मालक कोण दिसतो ते सांगा. मालक रूट, म्हणजे सिस्टिमचा मुख्य यूजर, असेल तर चोन या मालक बदलायच्या कमांडने बाबांच्या नावावर करायचं, विषय संपला.

कोल्हापुरी_कर्नल:
एवढं कशाला? अॅडयूजरने नवीन यूजर बनवा, डॉक्युमेंट आणि फोटो कॉपी करा, जुना उडवा. दहा मिनिटांचं काम.

रात्रपाळी:
@कोल्हापुरी_कर्नल आणि फायरफॉक्सचं काय? ते डॉट मोझिला मधे असतं, लपलेलं फोल्डर, डॉक्युमेंटबरोबर येत नाही. आणि रूट होऊन कॉपी केलं की सगळ्या फाईलींचा मालक रूट, म्हणजे अजून एक दुखणं. पण नवीन यूजर बनवून बघायची आयडिया भारी आहे, फक्त तपासणीसाठी. तो आत गेला आणि बाबा गेले नाहीत तर गडबड होममधेच हे पक्कं.

गोंधळलेला_पेंग्विन:
केलं. डिस्क अर्धी रिकामी आहे, मालक सगळीकडे बाबाच. टेस्ट नावाचा यूजर बनवला तर तो लगेच आत गेला, पॅनल (अॅपच्या बटणांची पट्टी), वॉलपेपर सगळं आलं! म्हणजे होमच ना?

रात्रपाळी:
होमच. आता नीट वाचा, काहीही डिलीट करायचं नाही, फक्त नाव बदलायचं. बाबा डेस्कटॉपवर लॉगिन नसताना, त्याच काळ्या स्क्रीनवरून एमव्ही (नाव बदलायची कमांड) ने डॉट कॉन्फिगच्या आतलं एक्सएफसीई४ हे फोल्डर एक्सएफसीई४-जुनं करा, इंग्रजीत काहीही नाव द्या. डॉट कॅशमधलं सेशन्स हे फोल्डर पण तसंच. पूर्ण डॉट कॉन्फिग हलवू नका, त्यात बाकीच्या प्रोग्रामच्या सेटिंग पण असतात, उगाच बाबांना सगळं परत लावत बसावं लागेल. मग रीबूट. एक्सएफसीई ला फोल्डर सापडलं नाही की तो डिफॉल्टवरून नवीन बनवतो.
आणि उत्सुकता असेल तर फाईंड या शोधायच्या कमांडला साईज शून्य सांगून जुन्या फोल्डरवर सोडा. लाईट गेली तेव्हा एखादी फाईल लिहिली जात असेल तर नाव डिस्कवर पोचतं, मजकूर मेमरीतच राहतो आणि उरते शून्य बाईटची फाईल.

गोंधळलेला_पेंग्विन:
आलं आलं आलं!! डेस्कटॉप एकदम कोरा, वॉलपेपर पण मिंटवाला, पण फायरफॉक्स उघडलं तर बुकमार्क पासवर्ड सगळं जागच्या जागी. फाईंडने दोन फाईली दाखवल्या, त्यात एक एक्सएफसीई४-सेशन डॉट एक्सएमएल, शून्य बाईट. दुसरी पॅनलच्या लाँचर फोल्डरमधली होती. कीबोर्डचा मराठी लेआउट मात्र गेला, बाबांची पहिली तक्रार तीच.

कोल्हापुरी_कर्नल:
मानलं बुवा. मी आत्तापर्यंत सरळ नवीन यूजर करून मोकळा व्हायचो.

रात्रपाळी:
लेआउट सेटिंगमधे कीबोर्डमधून परत जोडा. पॅनलची जुनी मांडणी हवी असेल तर जुन्या फोल्डरमधली पॅनलची एक्सएमएल फाईल शून्य नाहीये ना बघून तेवढीच परत ठेवा, तीही टीटीवाय (तीच काळी स्क्रीन) वरून, डेस्कटॉप चालू असताना ठेवली तर तो स्वतःचीच वर लिहून टाकतो. सेशनवाली शून्य फाईल परत आणू नका म्हणजे झालं.
टाईमशिफ्ट या मिंटच्या बॅकअप प्रोग्रामवर विसंबून राहू नका, त्यात होम बाय डिफॉल्ट येत नाही. डॉट मोझिला आजच पेनड्राईव्हवर काढा, फायरफॉक्स बंद करून.

गोंधळलेला_पेंग्विन:
पेनड्राईव्ह लावलाय, कॉपी चालू आहे. जुनं फोल्डर कधी उडवू?

रात्रपाळी:
राहू द्या महिनाभर, जागा किती खातंय ते.