बालविभाग सिनेमा – परवान्याचा फॉर्म अडलाय

प्रेषक: मेधा (बालविभाग)

नमस्कार मंडळी,
मंडळात मुलांना सिनेमा दाखवायच्या परवान्याचा फॉर्म आज भरायचा होता, पण तीन रकाने रिकामे आहेत: नक्की कोणता सिनेमा, कोणत्या हॉलमध्ये, साधारण किती माणसं. मुलांनी मतदानात डिस्नेचा 'रिटर्न फ्रॉम विच माउंटन' निवडलाय, म्हणजे दुसरा भाग. तो पहिल्याशिवाय चालेल का? सुहासदादा, हॉल पक्का झाला का? परवाना त्या सिनेमाचा, त्या तारखेचा आणि त्या जागेचाच मिळतो. जागा बदलली की फॉर्म पुन्हा. म्हणून घाई.
मेधा

---

प्रेषक: सुहास (हॉल)

हॉल पक्का, मोठा. छोट्या खोलीचा विषय पुन्हा नको, दिवाळीला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.
पण परवाना कशाला? तिकीट नाही. मंडळ ना-नफा आहे. शिवाय त्या शनिवारी मराठी शाळा त्याच हॉलमध्ये असते, सिनेमा शाळेच्या वेळात दाखवू. शिक्षणासाठी सूट असते असं ऐकून आहे. काही शे डॉलर वाचतील, ते बालनाट्याच्या नेपथ्याला लावा.
सुहास

---

प्रेषक: अनघा

> तिकीट नाही. मंडळ ना-नफा आहे.

सुहासदादा, या दोन्हींनी काही सुटत नाही. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात (शीर्षक १७, कलम १०१) सार्वजनिक प्रदर्शनाची व्याख्या पैशावर बांधलेलीच नाही. कुटुंब आणि नेहमीच्या ओळखीपाळखीचं वर्तुळ सोडून बरीच माणसं जिथे जमतात, ती जागा सार्वजनिक. दीडशे माणसांचा हॉल त्यात बसतोच, मग दारावर पेटी ठेवा की नका ठेवू.

विनामूल्य कार्यक्रमांची जी सूट लोक सांगतात ती कलम ११० (४) मधली. ती नाट्येतर साहित्य आणि संगीत यांच्यापुरती आहे. म्हणजे कवितावाचन, भावगीतांची बैठक वगैरे. सिनेमा तिच्यात येत नाही.

आता शाळेची सूट, ११० (१). तिच्या अटी एकत्र वाचाव्या लागतात: ना-नफा शैक्षणिक संस्था हवी, शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर हवेत, वर्ग किंवा शिकवण्यासाठीच राखलेली जागा हवी, प्रत कायदेशीर हवी आणि दाखवणं हा शिकवण्याचाच भाग हवा. शाळेच्या वेळात दाखवला म्हणून सिनेमा पाठ होत नाही. आईवडील, आजीआजोबा आणि मध्यंतराला बटाटेवडे असतील तर तो करमणुकीचा कार्यक्रमच, आणि ते फॉर्मवर तसंच लिहावं.

दंडाचं सांगायचं तर न्यायालय एका कलाकृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर ठरवू शकतं. जाणूनबुजून केलं असं सिद्ध झालं तर १,५०,००० पर्यंत. आणि हा सगळा धागा लिस्टवर लिहिलेला राहणार आहे, तेव्हा 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिलेली नाही.

डिस्नेच्या सिनेमांचे बिगर-थिएटर परवाने इथे स्वँक ही कंपनी देते. मेधाने फॉर्म त्यांचाच घेतलाय ना? प्रवेश मोफत असेल तर ठरावीक रक्कम आणि तिकीट लावलं तर हिशेब वेगळा, म्हणून 'ऐच्छिक देणगी'ची पेटी दाराशी ठेवायची असेल तर आधी विचारून घ्या. अशा परवान्यांत बहुतेक वेळा जाहिरातीवरही बंधन असतं. सभासदांच्या मेलमध्ये नाव लिहिता येतं. सार्वजनिक फेसबुक पानावर, दुकानाच्या काचेवर सिनेमाचं नाव आणि पोस्टर लावता येत नाही. काल कुणीतरी पानावर पोस्टर टाकलंय, ते आज काढावं.

अनघा

---

प्रेषक: प्रसाद

मेधा, दुसरा भाग पहिल्याशिवाय चालतो. मुलांनी निवड चांगली केली आहे.

पहिला ('एस्केप टू विच माउंटन') १९७५ चा, दुसरा १९७८ चा. दिग्दर्शक दोन्हीकडे जॉन हफ. टोनी आणि टिया या भावंडांच्या भूमिकेत दोन्हीकडे आईक आयझेनमन आणि किम रिचर्ड्स. मूळ कादंबरी अलेक्झांडर की यांची, १९६८ ची. पहिल्या भागाचा जीव 'आपण कोण' या प्रश्नात आहे: अनाथाश्रमातली दोन भावंडं, पुसट आठवणी, टियाच्या दोन तारे असलेल्या पेटीतला नकाशा, आणि त्यांच्या शक्तीवर डोळा ठेवणारा धनाढ्य बोल्ट. उत्तर मिळालं की ती गोष्ट संपते. दुसऱ्या भागात ती दोघं सुटीला येतात, बेनेकाका त्यांना उडत्या तबकडीतून पॅसाडेनाच्या रोझ बोल स्टेडियमवर उतरवतात. म्हणजे आपल्याच परिसरात. मुलांना हे आधी सांगा, पहिल्या मिनिटापासून कान टवकारतील.

दुसरा भाग मला जास्त खोल वाटतो. इथे शक्ती मुलांचीच, पण चालवणारा हात दुसऱ्याचा. डॉ. गॅनन (क्रिस्टोफर ली) उंचावरून पडणाऱ्या माणसाला टोनी हवेत तोलून धरताना पाहतो आणि तिथेच ठरवतो की हा मुलगा आपल्याला हवा. कानामागे एक छोटं यंत्र बसवलं की गॅनन सांगेल ते टोनी करतो. संग्रहालयातल्या सोन्याच्या विटा तो उचलतो तो प्रसंग नीट बघा: विटा तरंगतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही. पहिल्या भागात हीच शक्ती वापरताना तो हसायचा. हा फरक आयझेनमनने नुसत्या डोळ्यांनी दाखवलाय.

सुरुवातीला मराठीत दोनच मिनिटं बोलावं, आणि एवढंच सांगावं:
ही भावंडं परग्रहावरची आहेत, पृथ्वीवर त्यांच्या माणसांची एक वस्ती आहे.
टिया ओठ न हलवता मनातून बोलते, टोनीला ते ऐकू येतं. हे सांगितलं नाही तर लहान मुलांना आवाज कुठून येतोय ते कळत नाही.
टोनी वस्तू मनाने हलवतो, पण त्यासाठी त्याचं मन ताब्यात लागतं.
तिसरा मुद्दा समजला की यंत्राचा प्रसंग समजतो. बोल्टची सगळी कथा सांगत बसू नका.

भीतीचं म्हणाल तर मानांकन जी (सर्व वयांसाठी) आहे, रक्तबिक्त नाही. सहा वर्षांखालच्यांना खटकतं ते भाऊ बहिणीला ओळखत नाही ते, आणि शेवटी अणुप्रकल्पात त्याला तिच्याविरुद्धच उभं करतात ते. त्या वेळी छोट्यांना आईवडिलांशेजारी बसवा, पुढच्या सतरंजीवर नको. २००९ चा 'रेस टू विच माउंटन' कुणी सुचवेल, पण तो पीजी (पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचा) आहे, पाठलाग आणि मारामारी जास्त, मुलं गोष्टीच्या केंद्रात कमी.

प्रसाद

---

प्रेषक: विनायक (ध्वनी-प्रकाश)

फक्त तांत्रिक बोलतो. पोस्टर कुणी टाकलं त्यात मी नाही.

१. स्ट्रीमिंगवरून दाखवायचं नाही. त्या वर्गणीच्या अटी घरगुती, खाजगी वापराच्या असतात आणि परवाना घेतला म्हणून त्या बदलत नाहीत. शिवाय आपल्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए अडॅप्टर लावला की संरक्षित चित्र अडवलं जातं: आवाज येतो, पडदा काळा. डीव्हीडी हवी.

२. डीव्हीडी इथली म्हणजे रीजन १ (तबकड्यांना देशांच्या गटानुसार असा क्रमांक असतो). कुणी भारतातून आणलेला प्लेअर देऊ केला तर नम्रपणे नाही म्हणा, तो रीजन ५ चा असतो आणि इथली तबकडी नाकारतो.

३. आवाज. हे सर्वात महत्त्वाचं, कारण गोंधळ दर वेळी इथेच होतो. हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टिरिओ वायर, पलीकडे तीन कड्यांचा पाव इंची जॅक, आणि तो थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला, असं कुणीही जोडू नका. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक घेतं. सिनेमातले संवाद डाव्या आणि उजव्या बाजूला सारखेच असतात, फरक शून्य, म्हणजे संवाद गायब. संगीत थोडं थोडं येत राहतं, म्हणून लोक व्हॉल्यूम वाढवत बसतात. उपाय: डावा-उजवा वेगळे करणारी वाय वायर, प्रत्येक टोकाला दोन कड्यांचा जॅक, मिक्सरचे दोन चॅनेल. किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स (प्लेअरचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी डबी), घरघर असेल तर त्याचं ग्राउंड लिफ्ट दाबा.

४. प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम स्टिरिओ', म्हणजे साधा दोन वाहिन्यांचा, ठेवा. बहुवाहिनी ठेवला आणि दोनच स्पीकर जोडले तर मधल्या वाहिनीतले संवाद पुन्हा हरवू शकतात.

५. चित्र दहा फूट रुंद. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५, म्हणजे पडद्यापासून पंधरा फूट. प्रोजेक्टरच्या तीन हजार ल्युमेन उजेडाला दुपारची खिडकी झेपत नाही आणि गॅननच्या प्रयोगशाळेचे प्रसंग अंधारे आहेत. पश्चिमेच्या खिडक्यांना काळं प्लास्टिक लागेल. सुहासदादा, भिंतीच्या रंगाला न ओढणारी निळी टेप आणा, नाहीतर अनामत रक्कम जाईल.

विनायक

---

प्रेषक: शुभदाताई (खाद्य समिती)

प्रसादने मध्यंतर कुठे ते लिहिलंच नाही. वडे आयत्या वेळी तळता येत नाहीत, हॉलच्या स्वयंपाकघरात तळण बंद आहे. घरून तळून आणून ओव्हनमध्ये गरम करायचे, त्याला वीस मिनिटं धरा. मला नेमकी वेळ हवी.
आणि कॉफीचा मोठा अर्न (विजेचं पिंप) पडद्याजवळच्या प्लगला लागेल, दुसरीकडे टेबल बसत नाही.
शुभदा

---

प्रेषक: विनायक (ध्वनी-प्रकाश)

> अर्न पडद्याजवळच्या प्लगला लागेल

शुभदाताई, तिथे नको. तो सर्किट १५ अँपिअरचा, १२० व्होल्टवर १,८०० वॉट. सलग भारासाठी त्याचा ऐंशी टक्केच धरायचा, म्हणजे १,४४०. अर्न एकटा १,५०० चा. त्यावर प्रोजेक्टर आणि अँप्लिफायर आला की ब्रेकर पडणार. प्रोजेक्टरची वीज अशी झटक्यात गेली की पंखा थांबतो, तापलेला दिवा तसाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं. अर्न स्वयंपाकघरात भरा, कॉफी थर्मासमधून बाहेर आणा. पॉपकॉर्नचं यंत्रही तिकडेच.

---

प्रेषक: सुहास (हॉल)

टेप आणतो. ब्रेकरचं कपाट कुलपात असतं, किल्ली माझ्याकडेच राहील, कुणी परस्पर घेऊ नये.
अनघा, कलम समजलं. पण मग वाचनालयात का नको? तिथे वर्षाचा परवाना असतोच, त्यांच्या सभागृहात केलं तर फुकटात होईल.
आणि एवढा खर्च करायचा तर मराठी सिनेमाच का नाही?
सुहास

---

प्रेषक: अनघा

वाचनालयाचा वार्षिक परवाना असला तरी तो सहसा त्यांच्या जागेपुरता आणि त्यांच्या कार्यक्रमापुरता असतो. आपण खोली भाड्याने घेतली तर तो आपोआप आपल्याला लागू होत नाही. त्यांच्या बाल ग्रंथपालांसोबत संयुक्त कार्यक्रम केला तर शक्य आहे, पण मग तो सर्वांना खुला ठेवावा लागेल आणि वडे बाहेर राहतील. पुढच्या वेळी जरूर विचारूया.

मराठी सिनेमालाही निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागतेच. घरून डीव्हीडी आणली म्हणून हक्क येत नाही.

आजीआजोबांसाठी मराठी उपशीर्षकांची फाइल करूया असं दोघांनी मला वेगळं लिहिलंय. भाषांतर हे स्वतंत्र हक्काचं काम आहे, प्रदर्शनाच्या परवान्यात ते येत नाही. तबकडीवरचे इंग्रजी मथळे चालू ठेवा, आणि कथेचा सारांश आपल्या शब्दांत एका पानावर छापून द्या. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, अर्धवट अंधारात वाचायचंय.

अनघा

---

प्रेषक: प्रसाद

शुभदाताई, मध्यंतर सोन्याच्या विटांचा प्रसंग पूर्ण संपल्यावर. टोनीचं काय होणार हे मुलांच्या डोक्यात राहतं आणि कुणी घरी जात नाही. सिनेमा दीड तासाहून थोडासाच मोठा आहे. आधल्या दिवशी तबकडी लावून त्या जागेची वेळ घड्याळात बघून कळवतो, ओव्हन त्याच्या वीस मिनिटं आधी.

सारांशाचं पान मी लिहितो. शेवट त्यात नसेल. यंत्र कसं निकामी होतं आणि गॅनन आणि त्याच्या साथीदारांना मुलं कशी अद्दल घडवतात, ते पडद्यावरच बघायला हवं. टियाला मदत करणारी शाळा बुडवणारी पोरं आणि त्यांना शाळेत परत न्यायला मागे लागलेले अधिकारी योकोमोटो, एवढी नावं मात्र देतो, नाहीतर आजीआजोबा मधेच 'हा कोण' विचारतात. योकोमोटो झालेले जॅक सू यांचा हा शेवटचा सिनेमा, १९७९ च्या सुरुवातीला ते गेले. संगीत लालो शिफ्रिन यांचं आहे, तेव्हा विनायकराव, दोन्ही चॅनेल खरंच चालू ठेवा.

प्रसाद

---

प्रेषक: मेधा (बालविभाग)

फॉर्म भरते आहे. सिनेमा: दुसरा भाग. जागा: मोठा हॉल. माणसं: १५०. प्रवेश मोफत, देणगीची पेटी नाही. पोस्टर पानावरून काढलं.
डीव्हीडी वाचनालयातून राखून ठेवली आहे. ओरखडे आहेत का ते विनायक बघेल, शेवटपर्यंत पूर्ण चालवून, नुसती सुरुवात नाही.
पुढच्या रांगेसाठी सहा वर्षांखालची किती मुलं येणार ते पालकांनी गुरुवारपर्यंत मला थेट कळवा, लिस्टवर नको. खुर्च्या मांडायला चार जण दोन तास आधी हवेत. सुहासदादा दार उघडतील.
मेधा