आई-बाबांना घेऊन पहिलीच क्रूझ (सोलापूरहून), सल्ला हवा आहे

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. त्यांना क्रूझवर न्यायचं मनात आहे. संक्रांतीची गड्डा यात्रा झाल्याशिवाय बाबा सोलापूर सोडत नाहीत, म्हणून फेब्रुवारीच. आम्ही पाच जण: आई (६३, गुडघे दुखतात), बाबा (६८, शुगर आणि बीपी), मी, हे आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुंबई-गोवा-मुंबई अशी छोटी फेरी बघून ठेवली आहे, पैसे अजून भरलेले नाहीत.

बाबांचा सगळा जन्म पूर्वभागात यंत्रमागावर गेला. समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला, तोही वाळूवर उभं राहून. बोटीत बसले ते फक्त कंबर तलावात. मला "जाऊ या की" म्हणाले, पण रात्री आईला हळूच विचारत होते, "रामदास बोटीचं काय झालं होतं, ठाऊक आहे ना?" त्यांना ओढत न्यायचं नाहीये, त्यांना आनंद व्हावा म्हणून नेतेय.

खोली कुठली घ्यावी? उलट्यांचं काय? गाडी कुठली धरावी? आणि आईचा प्रश्न: शेंगा चटणी आणि कडक भाकरी बरोबर नेता येते का?

सात_रस्ता

ताई, आम्ही मागच्या वर्षी आई-वडिलांना घेऊन हीच फेरी केली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खोली. इथे लोक चुकतात. जाहिरातीत बाल्कनी दिसते आणि आपण वरच्या मजल्यावरची, टोकाची खोली घेऊन बसतो. जहाज डोलतं तेव्हा सगळ्यात जास्त हालतात ती दोन टोकं आणि वरचे मजले. मधोमध आणि खालच्या बाजूला हालचाल सगळ्यात कमी. आई-बाबांसाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची, खिडकीवाली खोली घ्या. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त पडते, पण दिवा बंद केला की दिवस की रात्र काही कळत नाही. माझे वडील मध्यरात्री अडीचला आंघोळ करून बसले होते. पहाटेची सवय असलेल्या माणसाला खिडकी हवीच.

लिफ्ट जवळ असावी, पण अगदी दाराला लागून नको, रात्री उशिरापर्यंत गलका असतो. मजल्याचा नकाशा मागून घ्या आणि तुमच्या खोलीच्या वर-खाली काय आहे ते बघा. वर नाचगाण्याचा हॉल असेल तर झोपेचं खोबरं होतं. दोन्ही खोल्या एकाच बोळात मागा. तिघांच्या खोलीत तिसरा पलंग बहुतेक वर, शिडीचा असतो. मुलगा खूश होईल, आईंना त्या खोलीत ठेवू नका.

दुसरं पैशांचं. पहिल्यांदा जो आकडा सांगतात तो एका माणसाचा असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि सेवाशुल्क चढतं. "पाच माणसांचे सगळे मिळून हातात किती द्यायचे?" असं विचारा आणि लेखी घ्या. जहाजावर रोख चालत नाही. खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात त्यावरच खर्च चढत जातो. मुलाच्या कार्डावर खर्च बंद करायला सांगा आणि रोज रात्री काउंटरवर जाऊन हिशेब बघा. आमच्या बिलात न घेतलेल्या दोन सरबतांचे पैसे लागले होते. रोज बघत होतो म्हणून तिथल्या तिथे काढून घेता आले.

मोबाइल जहाजावर चढल्यावर लगेच एअरप्लेन मोडवर टाका. किनारा लांब गेला की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जाऊन चिकटतो आणि त्याचे दर डोळे पांढरे करणारे असतात. आई-बाबांचे फोन तुम्ही स्वतः बंद करा, नुसतं सांगून ठेवू नका.

लक्षद्वीपची फेरीही दिसेल, फोटो फार सुंदर असतात. पण पहिल्या वेळेला ती नको. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात थांबतं आणि लहान होडीतून अगत्ती बेटावर नेतात. हलत्या होडीत पाय टाकायचा असतो, दुखऱ्या गुडघ्यांना ते अवघड. हवा बिघडली तर उतरणंच रद्द होतं. गोव्याला मुरगाव बंदरात जहाज सरळ धक्क्याला लागतं.

होटगी_रोड

गाडीचं एकदम सोपं आहे. सकाळची वंदे भारत धरा, सहाच्या सुमारास निघते, दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल टॅक्सीने दहा मिनिटं. मुक्कामाचा खर्च वाचतो.

सात_रस्ता

दादा, क्षमा करा, पण हा सल्ला ताईंनी घेऊ नये. जहाज संध्याकाळी सुटत असलं तरी आत घेण्याची खिडकी त्याच्या बरीच आधी बंद होते. गाडी दोन तास रखडली की जीव टांगणीला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच झालं. कर्जतच्या अलीकडे गाडी उभी राहिली आणि ते धक्क्यावर पोचले तेव्हा दार बंद झालं होतं. तीन खोल्यांचे पैसे गेले. चूक कोणाची हा वाद नंतर कितीही घाला, जहाज परत येत नाही.

आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा. सकाळी मुंबईत उतरता. गाडी तीन तास उशिरा आली तरी हाती वेळ उरतो. स्टेशनजवळ अर्ध्या दिवसासाठी खोली घ्या, आंघोळ, नाश्ता, बाबांची गोळी, आणि दुपारी निवांत धक्क्यावर. वंदे भारत परतीला घ्या. जहाज सकाळी लागतं आणि ती गाडी मुंबईहून दुपारी चारच्या सुमारास निघते. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तेवढा वार बघून तारीख ठरवा.

होटगी_रोड

पटलं. आम्ही दोघंच तरुण होतो, वयस्कर माणसांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. ताई, सिद्धेश्वरच घ्या.

कंबर_तलाव

मी औषधाच्या दुकानात बसतो, उलट्यांबद्दल लिहितो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "आपण हलतोय" आणि डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. हा गोंधळ मेंदूला झेपत नाही म्हणून मळमळतं. म्हणून बरं वाटेनासं झालं की खोलीत पडून मोबाइल बघायचा नाही. डेकवर मध्यभागी यायचं आणि लांब, पाणी आणि आकाश मिळतात त्या रेघेकडे बघत राहायचं.

गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी, जहाज सुटण्यापूर्वी तासभर घ्यायची असते. उलट्या सुरू झाल्यावर पोटात टिकत नाही. पण बाबांना शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे आमच्यासारख्या दुकानदाराला विचारून परस्पर घेऊ नका. त्यांच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. या गोळ्यांनी झोप येते, काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांना काही गोळ्या चालत नाहीत.

पोट रिकामं नको आणि तडस लागेपर्यंतही नको. आलेपाकाच्या वड्या लोक नेतात, पण साखरेच्या असतात, बाबांसाठी आल्याचा तुकडा आणि मीठ बरं. बुफेत गोडाचं टेबल मोठं असतं, त्यांच्या जेवणाच्या वेळा घरच्यासारख्याच ठेवा. औषधं पाच दिवसांची न्या, चिठ्ठीसकट, आणि खांद्यावरच्या पिशवीत. मोठी बॅग धक्क्यावर जमा होते आणि खोलीच्या दाराशी यायला काही तास लागतात. त्यात गोळ्या अडकल्या तर दुपारचा डोस गेलाच.

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. आपल्या बाजूचा समुद्र तेव्हा शांत असतो. पावसाळ्यात याच पाण्यात ही फेरी कोणी घेऊ नये.

जुळे_सोलापूर

किती मनापासून लिहिताय सगळे! खोलीचं आणि गाडीचं ठरलं. चटणीचं मात्र कोणीच सांगितलं नाही, आई रोज विचारतेय.

सात_रस्ता

राहिलंच की. विमानतळासारखी तपासणी असते आणि घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आमच्या आईचा चटणीचा स्टीलचा डबा यंत्रातून गेला, बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, हसल्या आणि डबा बाजूला ठेवला. परतताना पावती दाखवून मिळाला. आईला तेव्हा फार लागलं. भाकरी-चटणी गाडीतच संपवा. जहाजावर शाकाहारी जेवण भरपूर असतं, जैनही मिळतं, फक्त बुकिंग करताना सांगून ठेवा. इस्त्री, पाणी तापवायची किटली, कात्री, हेही घरीच ठेवा. एक सोलापुरी चादर मात्र नक्की न्या. आतला एसी बोचतो आणि पहाटे डेकवर वारा असतो.

विजापूर_वेस

मी चौदा वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनखात्यात आहे, घर सोलापुरातच. बाबांच्या भीतीबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. ती भीती उडवून लावू नका, ताई. त्यांना बसवून खरं काय ते सांगा.

रामदास बुडाली १७ जुलै १९४७ ला. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली होती. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. लाटेचं पाणी आत आलं तशी माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त लोक गेले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे जे पोहून काठाला लागले त्यांच्याकडून मुंबईला बातमी कळली. बाबांना हेही सांगा की तुमची फेरी पावसाळ्यातली नाही, शांत फेब्रुवारीतली आहे, जहाज प्रत्येक क्षणी किनाऱ्याशी बोलत असतं, आणि पोटाखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात ती डोलणं कमी करतात.

आणि सराव. चढल्यावर सगळ्यांना एका ठिकाणी बोलावतात, लाइफ जॅकेट दाखवतात, जमायची जागा सांगतात. टायटॅनिक १९१२ ला बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या लोकांचा सराव झालेलाच नव्हता. म्हणून २०१५ पासून सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावाच लागतो. लोक त्या वेळी फोटो काढत फिरतात, ते बघून मला राग येतो. तुम्ही पाचही जण जा. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा, मुलाला पाठ करून ठेवा. मग बाबांचा हात धरून जमायच्या जागेपासून खोलीपर्यंत जिन्याने एकदा चाला, लिफ्टने नको. आईंना हळूहळू येऊ द्या. वाट पायांनी ओळखली की माणसाची निम्मी भीती जाते. नव्या पोरांनाही आम्ही असंच शिकवतो.

रबरी तळाच्या चपला घ्या. पहाटे डेक खाऱ्या दवाने ओला असतो.

मुंबई सोडताना आधी उजव्या बाजूला उभे राहा. कुलाब्याच्या टोकापलीकडे १८७५ चं प्रॉंग्जचं दीपगृह आहे. पुढे उजेड उरला असेल तर डाव्या बाजूला खांदेरी किल्ला दिसतो. महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला एक. बाबांना तो दाखवा.

होटगी_रोड

एक माझ्याकडूनही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे आधी बाजूला काढा. माझी बायको साडी बॅगेत भरून बसली आणि गाऊनवर शाल पांघरून उतरली. आणि गोव्यात जहाजावर परतायची वेळ कार्डावर लिहून घ्या. मुरगावहून पणजी तीसेक किलोमीटर, रस्त्यात गर्दी लागते, जहाज कोणासाठी थांबत नाही. आम्ही पणजीचा हट्ट सोडून वास्कोजवळच फिरलो ते बरं झालं.

जुळे_सोलापूर

मंडळी, परवा परत आलो. आधी सगळ्यांचे आभार.

सिद्धेश्वर दीड तास उशिरा पोचली आणि आमच्यातलं कोणी घाबरलं नाही. खोली मधली, खालची, खिडकीची. आईने भाकरी-चटणी दौंडच्या आत संपवून डबा पुसून ठेवला. मुलाला पहिल्या रात्री थोडं मळमळलं, डेकवर आणून लांब बघायला लावलं, अर्ध्या तासात ठीक. बाबांना काहीच झालं नाही. बिलात चूक नव्हती, पण रोज बघितलं.

विजापूर_वेस दादा, तुमचं सगळं तुम्ही लिहिलंत तसंच केलं. सरावाच्या वेळी बाबांनी जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघितला, शिवण कशी आहे ते अंगठ्याने चाचपलं, आणि "पक्कं आहे" म्हणाले. जिन्याने खोलीपर्यंत आले, वाटेत पायऱ्या मोजल्या. खांदेरी अंधुक दिसला, बाबा टोपी काढून उभे राहिले.

पहाटे साडेपाचला खोलीत नव्हते. मी घाबरून वर धावले तर चादर पांघरून कठड्याशी उभे. दोन्ही तळवे लोखंडावर टेकवलेले. मला म्हणाले, "हात लाव बघ. माग चालू असला की भिंत अशीच हालते." मी हात लावला. खालून बारीक, एकसारखी धडधड येत होती. मग किती वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो, सूर्य वर येईपर्यंत.

आता एक नवा प्रश्न, आणि तो आईचा आहे. लक्षद्वीपला जहाजातून त्या लहान होडीत उतरायला पायऱ्या किती असतात?