मदत हवी आहे: गरोदरपणात साखर वाढली, डी जीवनसत्त्वही कमी

नमस्कार मंडळी, आम्ही तासगावचे. धाकट्या जावेला सातवा महिना लागलाय. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलेली साखर १५८ आली. १४० किंवा वर गेली की गरोदरपणातला मधुमेह धरतात. सोबत डी जीवनसत्त्व ११, म्हणजे किमान २० हवं त्याच्या बरंच खाली. द्राक्षबागेत दिवसभर राबणारी पोरगी, पण तोंडाला स्कार्फ, अंगात फुल बाह्यांचा शर्ट, हातात मोजे. ऊन कातडीला लागणार कुठून?

इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरही या जीवनसत्त्वाचा परिणाम होतो, हे कुणीतरी सांगितलं आणि सासूबाईंनी ठरवूनच टाकलं: डीची पावडर घेतली की साखर आपोआप उतरेल, पथ्य कशाला? मला हे अजिबात पटत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं भाकरीचं माप आणि जेवणानंतरचं चालणं आम्ही चालूच ठेवलंय.

कुणाचं असं दोन्ही एकत्र निघालं होतं का? डी भरून आल्यावर साखरेत फरक पडला? आईला असा मधुमेह असला तर बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते, म्हणून सांगली-मिरजेत नवजात बाळांची चांगली सोय असलेलं हॉस्पिटल सुचवा. बाळाला रोज ४०० युनिटचे डीचे थेंब देतात, ते तुम्ही कधी सुरू केले तेही लिहा. आणि हो, डोहाळजेवणात पेढ्यांऐवजी काय ठेवू?